अंधाराचीं नांवें

मावळत्या उजेडाला आणि चढत्या काळोखाला इंग्रजी भाषेंत जितके शब्द आहेत तितके मराठींत नाहींत, ही तक्रार आमच्या सुशिक्षित वर्गांत नवी नाहीं. इंग्रजी कवितेचें भाषांतर करावयास बसलेल्या प्रत्येक पदवीधरानें ती केव्हां ना केव्हां केलेली असते. ‘ट्वायलाइट’ला तो ‘संधिप्रकाश’ लिहितो. ‘डस्क’ आला कीं पुन्हां ‘संधिप्रकाश’. ‘ग्लोमिंग’ आला कीं क्षणभर अडतो, आणि शेवटीं तिसऱ्यांदाही ‘संधिप्रकाश’च लिहून मोकळा होतो. त्यामागें ‘डिम’, ‘मर्क’, ‘ग्लूम’, ‘डार्कलिंग’ यांची रांग उभी असतेच. एवढ्यावरून आपली भाषा या प्रांतीं दरिद्री आहे असा निकाल देण्यांत येतो; व हा निकाल देणारास तो देतांना थोडेंसें सुखही होत असावें असा आमचा संशय आहे.

शब्द मोजून भाषेची श्रीमंती ठरविण्याची ही रीत मुळांतच फसवी आहे. एस्किमो लोकांच्या भाषेंत बर्फाला शेंकडों शब्द आहेत, ही गोष्ट वाचकांनीं ऐकलीच असेल. तिचें मूळ फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाच्या १९११ सालच्या एका विवेचनांत आहे, आणि तेथें त्यानें अवघे चार मूळ शब्द दिले होते. पुढें लेखकागणिक आंकडा फुगत गेला. १९८६ साली लॉरा मार्टिन या विदुषीनें या फुगवट्याचा माग काढला, तरी गोष्ट कांहीं मेली नाहीं. तेव्हां कोणाजवळ शब्द किती, हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतों. ते शब्द कशासाठीं झाले, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे, आणि त्याचें उत्तर वाटतें तितकें निरुपद्रवी नाहीं.

इंग्रजी शब्दांकडे प्रथम पाहूं. ‘ट्वायलाइट’ या शब्दाच्या पहिल्या भागांत ‘दोन’ हा अर्थ आहे. दिवसाचा व रात्रीचा असे दोन उजेड, किंवा दोहोंच्या मधला. ‘डस्क’ हें मूळचें विशेषण. काळसर रंगाच्या वस्तूला तें लावीत, वेळेला तें फार मागाहून लागलें. ‘ग्लोमिंग’ हा जुना शब्द स्कॉटलंडांत जिवंत राहिला आणि तेथील लेखकांच्या द्वारें इंग्रजी वाङ्मयांत परत आला. या तिन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते पाहणाराचे शब्द आहेत. उजेड कसा दिसतो, रंग कसा उतरतो, हें ते सांगतात. पाहणारा कोठेंतरी स्वस्थ उभा आहे आणि त्याला घाई नाहीं, असें त्यांत गृहीत धरलेलें आहे.

घाई नसण्याला कारणही आहे, व तें कवित्वाचें नसून भूगोलाचें आहे. सूर्य क्षितिजाखालीं गेल्यावर सहा अंश उतरेपर्यंत दिव्यावांचून कामें करतां येतील इतपत उजेड राहतो. जुन्नरच्या बाजूस, म्हणजे एकोणीस अंश अक्षांशाच्या आसपास, सूर्य जवळजवळ उभा खालीं जातो आणि हें अंतर बावीस-चोवीस मिनिटांत तोडतो. लंडनांत तो तिरपा घसरत जातो. मार्च महिन्यांत त्यास तेहतीस-चौतीस मिनिटें लागतात, जूनमध्यें तर पाऊण तासाहूनही अधिक. जूनच्या अखेरीस लंडनच्या आकाशांत ज्योतिषशास्त्राच्या दृष्टीची पुरी रात्र होतच नाहीं. आमच्याकडे ती सूर्यास्तानंतर सव्वा तासाच्या सुमारास झालेली असते. ज्या देशांत सांज इतकी रेंगाळते तेथें लोकांनीं तिच्या छटांना निरनिराळीं नांवें ठेविलीं, यांत नवल तें काय?

आणखी एक गोष्ट. भर उजेडांतून आलेल्या मानवी डोळ्यास काळोखाची पुरी संवय व्हावयास अर्धा तास किंवा अधिकच लागतो. आमच्याकडे उजेड त्याआधींच निघून जातो. तांबडा रंग अगोदर काळवंडतो, निळा मागाहून; हें पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञानें १८२५ साली नमूद केलें. पण आमच्या शिवारांत तांबडें लुगडें काळें दिसूं लागलें न लागलें तोंच तें दिसेनासें होतें. आम्ही अंधार ‘पडला’ म्हणतों. इंग्रजही रात्र पडली असेंच म्हणतो. परंतु आमचा अंधार खरोखरीच पडतो.

आतां मराठी शब्द. सांज, तिन्हीसांजा, दिवेलागण, कातरवेळ, गोरज. दिवस कलला, उन्हें उतरलीं, दिवस कासराभर राहिला, दिवस बुडाला, सांजावलें, झांकड पडली, अंधारून आलें. पुढें काळोख दाटल्यावर मिट्ट, गडद, गुडुप, किर्र. मोल्स्वर्थचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घेऊन बसलें तर ही रांग सहज वाढेल. दारिद्र्य म्हणतात तें हें नव्हे. परंतु या शब्दांची जात इंग्रजी शब्दांहून निराळी आहे, व भाषांतरकार अडतो तो येथें.

‘कासराभर दिवस’ म्हणजे बैलाच्या दोरीनें मोजलेलें आकाश. काम किती उरलें हें सांगणारें माप. ‘गोरज’ म्हणजे परतणाऱ्या गुरांच्या खुरांची धूळ. गुरें रानांतून घरीं आलीं पाहिजेत, हें त्या नांवांतच आहे. (आतां कळपच उरले नाहींत तेथें ही धूळ लग्नपत्रिकांत तेवढी उडते.) ‘दिवेलागण’ हें तर सरळसरळ एका कामाचें नांव. ‘कातर’ म्हणजे संस्कृतांत भ्यालेला, व्याकुळ. या वेळेच्या नांवांत भीति उघड उघड बसलेली आहे. ‘किर्र’ रात्र कानांनीं ओळखलेली आहे, कारण त्या वेळीं डोळ्यांचा उपयोग संपलेला असतो. दिवेलागणीला झोंपूं नये, केर काढूं नये, भांडूं नये, मुलांनीं बाहेर राहूं नये, देवापुढें दिवा लावून शुभंकरोति म्हणावें. या वेळेभोंवतीं विधि-निषेधांचें केवढें कुंपण आमच्या आज्यांनीं घातलें होतें! रात्रीं सापास साप म्हणूं नये, लांबडें म्हणावें, जनावर म्हणावें. दिवा विझवला म्हणूं नये, मालवला म्हणावें. काळोखांत नांव घेणें म्हणजे हांक मारणें, अशी ती समजूत. वेडी म्हणा हवी तर. पण ज्यांना अंधारांत खरेंखुरें वावरावें लागतें त्यांची ती समजूत आहे, हें विसरूं नये.

सारांश काढण्याची घाई न करतां एवढें म्हणतां येईल कीं इंग्रजी शब्द उजेड कसा आहे हें सांगतो आणि मराठी शब्द माणसानें आतां कोठें असावें हें सांगतो. याला अपवाद इंग्रजींतही आहे, आणि तो मोठा बोलका आहे. ‘कर्फ्यू’ हा शब्द फ्रेंचांतून आला; त्याचा मूळ अर्थ ‘विस्तव झांका’. रात्रीं घंटा होतांच चुलींतील आग झांकून ठेवावी, लांकडी घरांना वणवा लागूं नये, असा तो दंडक होता. तिकडे त्या वेळीं आग झांकीत, इकडे दिवा लावीत. परंतु दोन्हींचा अर्थ एकच, कीं घरीं या. पुढें हा शब्द कवितेंत गेला, घंटेचा गंभीर नाद झाला. आणि विस्तव झांकण्याची आठवण त्यांतून साफ पुसली गेली.

आमच्या महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या शिकविल्या गेलेल्या पाल्ग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’नें (१८६१) ग्रे आणि कॉलिन्स यांची सांज आम्हांस पाठ करविली. त्याचा लाभ झाला नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. कांहीं न करतां, कोठेंही न जातां, केवळ उजेडाकडे पाहात उभें राहावें, ही गोष्ट आम्ही तेथें शिकलों. ‘संधिप्रकाश’ हा शब्द या शिक्षणाचें अपत्य मानावयास हरकत नाहीं. घडण संस्कृत, पण मन इंग्रजी. बा. भ. बोरकरांसारख्या कवीच्या हातीं त्यानें आयुष्याच्या अखेरचा सोनेरी उजेड दाखविला आणि तो पुरता आपला झाला. आम्ही त्यास परका म्हणत नाहीं. आम्हांस विचारावयाचें आहे तें निराळेंच. अंधाराकडे असें स्वस्थपणें पाहण्याचा अधिकार कोणास असतो? आणि ज्यास तो नाहीं त्याच्या अंधाराचें काय?

येथें जुन्या तत्त्वज्ञांची एक तक्रार आठवते. अंधार हें द्रव्य आहे कीं केवळ तेजाचा अभाव, या प्रश्नावर आमच्या दर्शनकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. भाट्ट मीमांसक म्हणत, तो द्रव्यच आहे. त्यास काळा रंग आहे, तो हलतो, सरतो, पसरतो. ज्यास गुण आणि क्रिया आहेत त्यास अभाव कसें म्हणावें? नैयायिक-वैशेषिकांनीं त्यास उत्तर दिलें कीं रूप असलेली वस्तु पाहावयास उजेड लागतो, अंधार तर उजेडावांचूनच दिसतो; सबब तो वस्तु नव्हे. हलते ती दिव्याची छाया, आणि आपण अंधार हलला म्हणतों. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरील दीपिकेंत हा वाद चार ओळींत निकालांत निघाला आहे आणि विद्यार्थी तो हंसत हंसत पाठ करतात. आधुनिक पदार्थविज्ञान अर्थातच नैयायिकांच्या बाजूस आहे. आम्हीही इतकीं वर्षें निःशंकपणें त्याच बाजूस होतों, व आजही पदार्थविज्ञानापुरते आहों. परंतु मीमांसकाचें म्हणणें वेडगळ नव्हतें. तो दिव्याजवळ बसून बोलत नव्हता इतकेंच, असें पिंपरी पेंढारच्या शिवारांत उभें राहिलें म्हणजे वाटूं लागतें.

पिंपरी पेंढार हें जुन्नर तालुक्यांतलें गांव. कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्यें. पश्चिमेस सह्याद्रीची रांग, तिच्याआड सूर्य जातो. आजूबाजूचा मुलूख अंधार आणि उजेड यांच्याविषयीं विचार करावयास मोठा चमत्कारिक आहे. आळे येथें ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधि. ज्ञानेश्वरींत गुरूला सूर्य म्हणून वंदन करणारा सोळावा अध्याय आहे हें वाचक जाणतातच. त्याच तालुक्यांत खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. तिला डोळ्यांनीं दिसणारा उजेड लागत नाहीं, दिवस आणि रात्र तिला सारखीच. हे झाले काळोख जिंकण्याचे दोन मार्ग. शेतकऱ्याजवळ दोन्ही नाहींत. त्याच्याजवळ विजेरी आहे.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांनीं या भागांत पाणी खेळलें, पाण्यामागें ऊस आला, आणि उंच, दाट, वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसांत बिबट्या राहूं लागला. तेथें माद्या पिलें घालतात. त्या पिलांना डोंगर माहीत नाहीं, फड माहीत आहे. माणिकडोह येथें बिबट्यांसाठीं निवारा केंद्र उघडावें लागलें. २०२४ साली पिंपरी पेंढारच्याच शिवारांत बिबट्याच्या हल्ल्यांत स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. जीवशास्त्रज्ञ सांजेला व पहाटे हिंडणाऱ्या प्राण्यांस ‘क्रेपस्क्युलर’ म्हणतात. हा शब्द लॅटिन आहे, आणि त्याच्या मुळाशीं असलेल्या ‘क्रेपर’चा अर्थ अंधुक, तसाच संशयास्पद. आमची ‘कातर’ आणि रोमन लोकांचा हा ‘क्रेपर’ एकमेकांचे नातलग नाहींत. पण दोघांनीं त्या वेळेविषयीं सांगितलें तें जवळजवळ एकच. काठावरचें तें झुडूप आहे कीं जनावर, हें ज्या उजेडांत सांगतां येत नाहीं तो हा उजेड. अशा ठिकाणीं अंधार म्हणजे नुसता अभाव आहे हें उसाला पाणी देणाऱ्यास कोणत्या तोंडानें सांगावें? त्याच्या पुरता अंधारास रंग आहे, अंधार हलतो, आणि कधीं कधीं त्यास वजनही असतें.

मग तो दिवेलागणीला घरीं कां येत नाहीं? याचें उत्तर एका इंग्रजी शब्दांत आहे, व तो शब्द कोणत्याही कवितेंतला नाहीं. खेड्यांतल्या मराठींत विजेला ‘लाईट’ म्हणतात. लाईट आली, लाईट गेली, या आठवड्यांत रात्रीची लाईट आहे. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीनें मिळत आली. दिवसां आठ तास, नाहीं तर रात्रीं दहा तास. रात्रीची पाळी आली कीं ज्या वेळीं त्याच्या आजोबांच्या भाषेनें त्यास घरांत ओढून घेतलें असतें त्याच वेळीं ही ‘लाईट’ त्यास घराबाहेर बोलावते. मोटार चालू करावयाची, दारें धरावयाचीं, एका वाफ्यांतलें पाणी दुसऱ्यांत वळवावयाचें, उसाच्या दोन सऱ्यांमधून वांकून चालावयाचें. ज्या शब्दाचा कोशांतला अर्थ ‘प्रकाश’ तो शब्द माणसाला मिट्ट काळोखांत घेऊन जातो. आमच्या भाषेच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासांत अर्थाची एवढी विचित्र उलथापालथ दुसरी झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

अशा माणसास दिलेल्या सूचना प्रसिद्ध आहेत. एकट्यानें जाऊं नये, विजेरी बरोबर असावी, काठीला घुंगरूं बांधावें, मोबाईलवर मोठ्यानें गाणीं लावावींत. म्हणजे उसाच्या फडांत रात्रीं गाणीं वाजतात, तीं ऐकण्यासाठीं नव्हे. त्यांत एखादें कातरवेळेचें गाणेंही असेल. तें गाणें रचणारानें पाहिलेली सांज आणि तें वाजवीत चाललेल्या माणसाची रात्र यांत जें अंतर आहे तेंच आमच्या या लेखाचा विषय आहे.

आमच्या एका विद्वान स्नेह्यांचें म्हणणें असें कीं हा तर्क ताणला तर कोणीच कोणत्याही गोष्टीस सुंदर म्हणूं नये; कारण प्रत्येक सुंदर गोष्ट कोठेंतरी कोणाला तरी बाधत असते. समुद्राचें वर्णन करूं नये, कारण कोळी बुडतात. पावसाचें करूं नये, कारण भिंती पडतात. आक्षेप खोटा नाहीं. आणि कोळी स्वतः समुद्रास सुंदर म्हणत नाहीं असेंही नाहीं. जुन्नरकडचा शेतकरीही डोंगरामागें बुडणारा दिवस पाहून थबकत असेल. त्यास डोळे आहेत, आणि ‘सोन्यासारखें ऊन’ म्हणावयास त्यास पाल्ग्रेव्ह लागत नाहीं. आम्ही सौंदर्यास दोष देत नाहीं. दोष आहे तो एक शब्द घेऊन दुसरा टाकून देण्यांत. आम्ही शिकलेल्या लोकांनीं ‘संधिप्रकाश’ घेतला आणि ‘दिवेलागण’ ही जुनी बाब म्हणून कथा-कवितेंत जमा केली. शहरांत रस्त्यावरचे दिवे आपोआप लागतात, तेव्हां कोणी घरीं परत आलें कीं नाहीं हें विचारण्याचें कारण उरलें नाहीं. दिवेलागण हा शब्द तो प्रश्न विचारीत असे. ‘संधिप्रकाश’ कोणाविषयींच कांहीं विचारीत नाहीं, आणि विजेच्या वेळापत्रकांतील ‘रात्रपाळी’ तर मुळींच नाहीं.

पाळीचें वेळापत्रक ठरविणारे लोक दुष्ट होते असें आम्हांस वाटत नाहीं. दिवसां कारखान्यांची व कचेऱ्यांची मागणी मोठी, रात्रीं ती उतरते, उरलेली वीज शेताला द्यावी, हा हिशेब कागदावर निर्दोष दिसतो. त्या कागदावर रात्र म्हणजे मागणी कमी असलेले कांहीं तास. नैयायिकाचा अभाव तो हाच. ज्यानें कागद लिहिला त्याच्या भाषेंत त्या तासांना दुसरें नांव असतें, उदाहरणार्थ कातरवेळ किंवा किर्र रात्र, तर ते तास वांटतांना त्याचा हात थोडा थांबला असता कीं काय? नुसत्या शब्दानें हात थांबतो असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. पण ज्या वेळेस नांवच उरलें नाहीं तिच्याविषयीं तक्रार करणें फार कठीण असतें, हा अनुभव आहे; तक्रार करणारा ‘रात्रीं लाईट नको’ म्हणतो, आणि ऐकणारास तो उजेडच नाकारतो आहे असें वाटतें.

शेतीस दिवसां वीज द्यावी ही मागणी जुनी आहे. २०१७ साली राज्यानें मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली व २०२३ साली तिची दुसरी आवृत्ति आली. सूर्याच्या उजेडापासून झालेली वीज सूर्य असतांनाच पंपांना द्यावी, ही तिच्यामागची कल्पना. सौर वीज रात्रीं देतां येत नाहीं, हा तिचा दोष म्हणून सांगतात. उसाच्या बांधावर तो दोष म्हणून कोणी मोजील असें वाटत नाहीं. ज्या वाहिनीवर ती पोहोंचते तेथील मोटार दिवस कलतां कलतां बंद पडावयाची, आणि पाणी देणारानें विजेरी न पेटवतांच बांधावरून घरची वाट धरावयाची. त्या वेळीं उजेड कासराभर तरी शिल्लक असेल.